इंजिनाचं माहेरपण

स्पोर्ट्स कारचं इंजिन काढून पिकअप ट्रकमध्ये बसवणारा माणूस दिसला, की कुणीही सुज्ञ गृहस्थ कपाळाला हात लावील. कुठे ती जमिनीला पोट टेकवून पळणारी दोन माणसांची नखरेल गाडी, आणि कुठे हा मागे उघडा हौदा घेऊन विटा, शेणखत, शेळ्या, पडेल ते वाहणारा गडी! पत्रिका न बघता लावून दिलेलं लग्न, असा शेरा मारून गृहस्थ चहाकडे वळतो. अमेरिकेत मात्र हा उद्योग घराशेजारच्या गॅरेजात, सुट्टीच्या दिवशी, चेनकप्पीला इंजिन टांगून बिनदिक्कत चालतो. तो करणारी माणसं वेडी आहेत असं कुणी म्हटलं तर मी भांडायला जाणार नाही. माझी हरकत आहे ती फक्त 'विजोड' या शब्दाला. या दोघांची पत्रिका खरोखरच मांडून पाहिली, तर दोष निघतो तो अगदी उलटा. स्थळ विजोड नाही, सगोत्र आहे. आणि थोडं आणखी खणलं तर हे लग्नही नाही. लेक चार दिवस माहेरी आली आहे, एवढंच.

पुरावा म्हणून डॉज व्हायपर घ्या. १९९२ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा तिच्या लांबलचक नाकाखाली आठ लिटरचं, दहा सिलिंडरांचं, ४०० अश्वशक्तीचं इंजिन होतं. दहा सिलिंडरांची ही कल्पना मुळात डॉजची मालक असलेल्या क्रायस्लर कंपनीच्या पिकअपसाठी निघाली होती. बिडाचा भक्कम ब्लॉक, ओझी ओढायची, बाकी काही महत्त्वाकांक्षा नाही. तेव्हा लॅम्बोर्गिनी ही कंपनी क्रायस्लरच्याच मालकीची होती. तिला सांगितलं, बाई, या ट्रकच्या इंजिनाला जरा माणसात आण. तिने ते अॅल्युमिनियममध्ये उतरवून हलकं केलं, आणि शेतावरची पोर शहरातल्या सासरी शोभू लागली. आता ही लॅम्बोर्गिनी तरी कोण? तिचे संस्थापक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी १९४८ पासून ट्रॅक्टर बनवत होते. स्पोर्ट्स कारचा कारखाना त्यांनी काढला १९६३ साली. व्हायपरच्या वेळेपर्यंत ते कंपनीतून केव्हाच बाहेर पडले होते हे खरं, पण ट्रकच्या इंजिनाला वळण लावायचं काम ट्रॅक्टरवाल्याच्या घराण्याकडे गेलं, हा योग कुठल्याही ज्योतिषाला सुचला नसता. पुढे २००४ मध्ये डॉजने स्वतःच व्हायपरचं तोवर ८.३ लिटर आणि ५०० अश्वशक्तीचं झालेलं इंजिन उचलून रॅम पिकअपमध्ये बसवलं आणि त्याला रॅम एसआरटी-१० म्हटलं. जगाने डोळे विस्फारले. त्या पिकअपने ताशी जवळजवळ २४९ किलोमीटर वेग गाठून गिनेसच्या पुस्तकात नाव लावलं. बारा वर्षं सासरी नांदून लेक घरी आली, आणि अंगणात सायकल जोरात पळवली, म्हणून गाव चकित!

एका घरची गोष्ट म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण शेव्हरलेच्या घरी तर दोन भावंडं एकाच पाळण्यात वाढली. त्यांचं आठ सिलिंडरांचं नवं इंजिन १९५५ साली आलं, आणि त्याच वर्षी ते कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्येही बसलं आणि पिकअपमध्येही. दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांमधलं ४.४ इंचांचं अंतर त्या दिवशी ठरलं. १९९७ मध्ये कॉर्व्हेटसाठी सगळंच नव्याने आखून एलएस-१ इंजिन काढलं, ५.७ लिटरचं, ३४५ अश्वशक्तीचं, तेव्हासुद्धा हे ४.४ इंच तसंच राहिलं. आपल्याकडे देव्हारा नव्या फ्लॅटमध्ये नेतात, पण आतला टाक बदलत नाहीत, तसं. आणि दोनच वर्षांत याच इंजिनाचे ४.८, ५.३ आणि ६ लिटरचे भाऊ पिकअपखाली घाम गाळू लागले. एक भाऊ कंपनीच्या गाडीतून हिंडतो, दुसरा ऊसतोडीचा ट्रॅक्टर हाकतो. नाक मात्र दोघांचं आजोबांचं.

यावर जाणता वाचक म्हणेल, नातं असेल, पण स्वभावाचं काय? स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला फेऱ्या हव्यात, ओझ्याला हवा खालच्या फेऱ्यांतला जोर. आक्षेप चोख आहे, आणि काही इंजिनांना तो पुरता लागू पडतो. होंडा एस २००० या जपानी स्पोर्ट्स कारचं सुरुवातीचं दोन लिटरचं इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत किंचाळत जायचं, पण त्याचा सगळ्यात जास्त जोर मिळायचा ७,५०० फेऱ्यांना, आणि तोही २०८ न्यूटन-मीटर. हे पिकअपमध्ये घालून चढावर सिमेंटची पोती न्यायची म्हणजे तमाशाच्या ढोलकीवाल्याला हमाली सांगण्यासारखं. इथे 'विजोड' हा शब्द मी बिनतक्रार मान्य करतो. पण व्हायपर आणि कॉर्व्हेट ही त्या जातीची नाहीतच. यांचा कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात बसतो आणि लांब पुशरॉडांनी वरच्या झडपा हलवतो. रचना जुनी, बुटकी, दणकट. व्हायपरचं ८.३ लिटरचं इंजिन ७१२ न्यूटन-मीटर जोर देतं. हा ललनेचा आकडा नव्हे, पहिलवानाचा आहे. दीड टनाच्या आसपासच्या गाडीत तो उगाच अंग चोरून बसला होता.

दुसरा आक्षेप ओझ्याचा. अशा पिकअपमध्ये माल काय न्यायचा? तो जवळजवळ कधीच नेत नाहीत, हे मी कबूल करून टाकतो. १९९१ साली जीएमसी सायक्लोन नावाचा पिकअप निघाला. त्याच्या इंजिनाचं गोत्र पिकअपचंच, फक्त वर टर्बो. एका नामांकित मासिकाच्या पाव मैलाच्या चाचणीत त्याने चक्क फेरारीला मागे टाकलं. त्याच्यात माल भरायची परवानगी मात्र ५०० पौंडांची, म्हणजे २२७ किलो. साखरेची साडेचार पोती! नात्यातल्या लग्नाला निघालेला मराठी माणूस एवढं तर डिकीत घालतो. पण पिकअप म्हणजे निव्वळ हमाल हा समजही तपासून पाहायला हवा. ऑस्ट्रेलियात अशा गाडीला 'यूट' म्हणतात. तिची कथा अशी सांगतात की, १९३२ साली व्हिक्टोरियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहून मागणी केली: रविवारी चर्चला न भिजता जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. लू बँड्ट या तरुण अभियंत्याने ती आखली आणि १९३४ मध्ये ती रस्त्यावर आली. म्हणजे या जातीचा जन्मच दोन दगडांवर पाय ठेवून झाला. याच देशातल्या मालू नावाच्या यूटने २००६ मध्ये वूमेरा इथे ताशी २७१ किलोमीटर वेगाने रॅमचा विक्रम मोडला, आणि तिच्याही पोटात त्या वेळच्या कॉर्व्हेटच्याच कुळातलं सहा लिटरचं इंजिन होतं. या वेगात हौद्यात कोथिंबिरीची जुडी ठेवली असती तर पुढच्या जिल्ह्यात वरण सजलं असतं. ओझ्याच्या वाहनाला शर्यतीला जुंपणं हा अधर्म आहे, असं म्हणायचा अधिकार तर महाराष्ट्राला मुळीच नाही. बैलगाडा शर्यतीसाठी आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो आणि २०२३ साली जिंकून आलो. 'भिर्रर्र' ऐकू आल्यावर घाटात कुणी विचारत नाही की गाड्यात माल काय आहे.

खरा आक्षेप तिसराच आहे, आणि आक्षेप घेणारे लोक तो सहसा घेत नाहीत: लेकीचं ठीक, पण माहेरचं घर तेवढं भक्कम राहिलंय का? रिकाम्या पिकअपचं ढुंगण हलकं असतं. मागच्या चाकांवर वजन नाही, आणि ५०० घोडे आले की चाकं जागच्या जागी फिरून टायरांचा धूर काढतात. मागचे पाटे ओझं पेलायला केलेले. अचानक पीळ बसला की ते इंग्रजी एससारखे वाकतात आणि अख्खा धुरा उड्या मारतो. ब्रेकचं तर विचारूच नका. म्हणून रॅमला कंपनीने पुढच्या चाकांना १५ इंची डिस्क दिल्या. घरामागे चेनकप्पी लावणारा माणूस ब्रेकचा खर्च बहुतेक वेळा 'पुढच्या महिन्यात' करतो. इथे माझा वकीलपणा संपतो. आपल्या देशात तर हे करायचा विचारच नको: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि कंपनीने गाडी जशी घडवली त्या तपशिलात परस्पर फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावून ठेवलं आहे. आरटीओपुढे गोत्र सांगून उपयोग नाही.

पण नात्याचा शेवटचा पुरावा कायद्याच्या पुस्तकात नाही, गाडीखाली उताणं पडल्यावर दिसतो. कॉर्व्हेटचं एलएस-१ त्याच कंपनीच्या पिकअपमध्ये उतरवताना पहिली अडचण विजेची येते. चोरी रोखणारी यंत्रणा संगणकातून पुसली नसेल, तर इंजिन सुरू होतं आणि लगेच बंद पडतं. त्याला वाटतं, आपल्याला पळवून आणलंय. ते समजूत घालून मिटतं. मग आडवं येतं ऑइलचं चेंबर. कॉर्व्हेट जमिनीलगत असते, म्हणून तिचं चेंबर उथळ आणि दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखं पसरट; पिकअपच्या चासीत ते पंख मावत नाहीत. मग ते उतरवायचं, गॅस्केट काढायचं, आणि भंगारातून आणलेल्या ५.३ लिटरच्या ट्रक इंजिनाचं खोल, काळवंडलेलं चेंबर खालून लावायचं. बोल्ट एकेक करून हातानेच फिरत वर जातात. एकही भोक नव्याने पाडावं लागत नाही.