सोपी बासुंदी, बिया काढून

पावसाळा सरत आला की सोलापुरात बार्शीकडची सीताफळं हातगाड्यांवर येतात आणि घरोघरी 'सोप्या' सीताफळ बासुंदीचा घाट घातला जातो. कृती खरंच सोपी: दूध निम्मं होईपर्यंत आटवा, साखर घाला, पूर्ण गार करा, मग वाटीभर गर (बिया काढून) मिसळा. गरम दुधात गर घातला तर कडवटपणा येतो, हे सगळेच बजावतात. कंसाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. तिथे सासूबाई बसतात, नाहीतर जाऊबाई. चाळणीवर गर घासायचा, बी फुटू द्यायची नाही, कोपरापर्यंत चिकट व्हायचं. आणि बासुंदी कुणाची? शेवटी येऊन वेलची टाकणाऱ्याची. बहुधा तो घरातला पुरुष असतो आणि फोटोही त्याचाच निघतो.

डाळिंबाची तऱ्हा निराळी. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. घरात मात्र त्याची नेमणूक पुडीतल्या कस्टर्डवर, शोभेपुरते चार दाणे. त्यातले दोन सोलणाऱ्यानं आधीच तोंडात टाकलेले.