चौदा दसऱ्यांचं कुंकू

झाडाचं वय खोडातल्या वर्तुळांवरून कळतं, आमच्या दुकानातल्या संगणकाचं कुंकवाच्या थरांवरून. २००९ साली तो आला, तेव्हापासून दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि वर आपट्याचं पान. एकदा मेकॅनिकने डबा उघडला तर पंख्यात वाळक्या पाकळ्या आणि चार अक्षता. "काका, पेरणी केलीय का?" म्हणाला.

नारायण पेठेत आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल. सकाळी शटर वर केलं की आधी संगणकाचं बटण दाबायचं. मग झाडू, उदबत्ती, चहा. पेपरातल्या निधनवार्ता वाचून संपल्या की पडद्यावर विंडोज एक्सपीचं ते हिरवं कुरण उगवे. अकरा मिनिटं. त्या एक्सपीचा सांभाळ कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी सोडला, पण एप्रिल म्हणजे पत्रिकांचे दिवस. आमच्याकडे सुतक पाळायला वेळ कुणाला होता?

भाचा हिंजवडीत आयटीत आहे. त्याने हिशोब केला: रोजची ११ मिनिटं, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ५५ तास. "मामा, वर्षातले कामाचे सात दिवस तू नुसता कुरणाची वाट बघतोस." मी म्हटलं, चालतंय ना? मग!

बरं, बदलायचं तरी कधी? गणपतीआधी महिनाभर मान वर करायला फुरसत नसते. विसर्जन झालं की मशीन शांत, म्हणजे गरजच संपली. दिवाळीत पुन्हा झुंबड, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं. खरा मोकळा काळ म्हणजे पितृपक्ष. आणि पितृपक्षात नवी वस्तू कोण घेतं?

इंटरनेटची तऱ्हा तीच. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येणारं जुनं ब्रॉडबँड. या जातीच्या जोडणीला यायचा रस्ता रुंद आणि जायचा बोळ. घरी सिनेमे बघणाऱ्यांना ते सोयीचं, पण आमचा धंदा सगळा जाण्याचा. अहवालाची दोनशे एमबीची फाइल छपाईच्या प्लेटा बनवणाऱ्याकडे पाठवायची, तर सेकंदाला ५१२ किलोबिटच्या बोळातून पाऊण तासाच्या वरच. कारण फाइल मोजतात बाइटमध्ये, वेग विकतात बिटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. हा भागाकार मला भाच्याने शिकवला. तोवर जाहिरातीतला आकडा मी पूर्ण आठपट खरा मानत होतो.

आमचा पोऱ्या मात्र पेनड्राइव्ह खिशात टाकून सायकलवरून निघायचा, वाटेत वडापाव खायचा, फाइल देऊन परत यायचा. पडद्यावरची पट्टी तेव्हा कुठे अर्ध्यावर आलेली असे. २००९ मध्येच दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार जीबीचं कार्ड बांधून ते डर्बनकडे ८० किलोमीटर उडवलं होतं. कबुतर पोचून कार्डावरचा माल उतरवून झाला, तोवर इंटरनेटवरून जेमतेम चार टक्के गेला होता. आमचा पोऱ्या त्याच घराण्यातला, फक्त दाण्यांऐवजी वडापाव.

शेवटी निर्णय माझ्याकडून झालाच नाही. तो एका वधूपित्याने केला. पत्रिका तयार होती, फक्त 'छाप' म्हणायचं बाकी होतं, आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. गृहस्थ समोर स्टुलावर बसले. त्या अकरा मिनिटांत त्यांना दोन आत्या आठवल्या, एक रुसलेले साडू आठवले आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' खाली आठ पोरांची नावं वाढली. वर, "एवढा वेळ गेला, तर दोनशे कमी करा." गिऱ्हाइकाला मोकळा वेळ मिळू देणं किती महाग पडतं, हे मला ५५ तासांच्या हिशोबातून कळलं नव्हतं. ऐन पितृपक्षात जाऊन नवा संगणक आणला. फायबरही घेतलं, दोन्ही दिशांना सारख्या वेगाचं.

आता संगणक वीस सेकंदांत हजर. उदबत्ती पेटायच्या आत ऑपरेटर ताईंच्या हातात काम! त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मग चहा कधी घ्यायचा?" पोऱ्याही तोंड पाडून बसला, त्याचा वडापाव बुडाला.

आठवड्याने एका मंडळाचे कार्यकर्ते आले. "मागच्याच वर्षीचा अहवाल, फक्त साल बदला." फाइल २००१ च्या पेजमेकरमधली, फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला. नव्या संगणकावर मजकूर उघडला तर अध्यक्षांच्या नावाच्या जागी डॉलर, टक्का आणि दोन उघडे कंस. अध्यक्ष स्वतः समोर उभे. मी जुना डबा टेबलाखालून ओढला, बटण दाबलं आणि म्हटलं, "बसा साहेब, अकरा मिनिटं."

ताई उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

यंदा दसऱ्याला दोघांची पूजा झाली. जुन्याला नेहमीसारखं भरघोस कुंकू. नव्याच्या पंख्याच्या जाळीवर ताईंनी आधी वर्तमानपत्र धरलं, मग लांबूनच अक्षता टाकल्या.