पराभवाचा दर्दी

क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा भक्त गर्दीत ओळखणं सोपं आहे. अंगात नारिंगी-तपकिरी जर्सी, तोंडावर कुत्र्याचा मुखवटा, आणि मुखवट्याआड अपेक्षाभंगाची पूर्ण तयारी. ईरी सरोवराकाठच्या स्टेडियममध्ये ‘डॉग पाउंड’ नावाचा भाग आहे, तिथे बापाशेजारी बसून तो भुंकायला शिकला. बापाला ही गादी आजोबांकडून मिळाली. आजोबांनी 1964 मध्ये संघाला विजेता होताना पाहिलं होतं. त्यानंतर घरात तसं काही कुणी पाहिलेलं नाही. सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामना सुरू झाल्यापासून ब्राउन्स त्यात एकदाही पोचलेले नाहीत.

हरणारे संघ जगात पुष्कळ. हा मात्र हरण्याचा दर्दी आहे. मुरलेला श्रोता पहिल्या आलापावरून घराणं सांगतो, तसा हा पहिल्या पंधरा मिनिटांत आजची हार कुठल्या अंगाने जाणार ते सांगतो. एकतर्फी धुलाई त्याला बेचव वाटते. हार कशी, जिंकता जिंकता यायला हवी! 1987 च्या जानेवारीत सुपर बोल एका विजयावर असताना डेन्व्हरच्या जॉन एल्वेने शेवटच्या मिनिटांत संघाला 98 यार्ड पुढे नेऊन बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना ब्राउन्सच्या हातून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा डेन्व्हरच. या वेळी गोलरेषेच्या तोंडाशी अर्नेस्ट बायनरच्या हातून चेंडू निसटला. ‘द ड्राइव्ह’ आणि ‘द फंबल’. ही दोन नावं काढली की तो डोळे मिटून मान डोलावतो.

1995 चा हंगाम संपल्यावर मालक आर्ट मॉडेलने अख्खा संघ बाल्टिमोरला हलवला. नाव आणि रंग तेवढे शहराकडे राहिले, नवा संघ 1999 मध्ये आला. बाल्टिमोरला गेलेल्यांनी तोवर बस्तान बसवलं होतं. 2000 च्या हंगामात त्यांनी सुपर बोल जिंकलासुद्धा. ही हकिकत तो स्वतः सांगत नाही. बायको सांगते, आणि तेवढ्या वेळात तो स्वयंपाकघरात काहीतरी शोधत असतो.

अशा माणसाला 2017 चा हंगाम म्हणजे आयुष्यभराच्या साधनेचं फळ. 16 सामने, 16 पराभव. याआधी हा पराक्रम 2008 मध्ये डेट्रॉइट लायन्सने केला होता, पण त्यांचं नाव घेतलं की हा नाक मुरडतो. ‘त्यांच्याकडे आदल्या वर्षीची 1-15 कुठे होती?’ मुद्दा बिनतोड आहे. ब्राउन्सने 2016 मध्ये एकच सामना जिंकला होता, तोही नाताळच्या आदल्या दिवशी. शून्य विजयांच्या मिरवणुकीची तयारी चाहत्यांनी तेव्हाच केली होती. संघाने जिंकून घोटाळा केला आणि मिरवणूक रद्द करावी लागली.

क्वार्टरबॅक हा या खेळातला सूत्रधार. 1999 पासून 2017 पर्यंत ब्राउन्सने असे 28 सूत्रधार सामन्याच्या सुरुवातीला उतरवले. एका जर्सीवर पट्ट्या चिकटवून ही नावं लिहीत गेलेल्यांना तिची पाठ पुरेनाशी झाली. 2017 मध्ये बहुतेक सामने नवख्या डिशोन कायझरच्या माथी आले. त्याचे 22 पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. कायझरवर हा फारसा चिडत नाही. जो थॉमस या खेळाडूचा विषय निघाला की मात्र त्याचा आवाज बदलतो. 2007 पासून सलग 10,363 डाव थॉमस मैदानावर उभा राहिला, एकही चुकवला नाही, आणि 2017 च्या ऑक्टोबरात हाताच्या दुखापतीने बाहेर गेला. इतकं राबून त्याच्या वाट्याला प्लेऑफचा एक सामना आला नाही. इथे विनोद थांबतो.

शेवटचा सामना 31 डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये. ब्राउन्स चार गुणांनी मागे, वेळ संपत आलेली, निर्वाणीचा पास कोरी कोलमनच्या हातात आला आणि सुटला. 24-28. दर्दी उठून उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

मग 6 जानेवारी 2018 ला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, सुमारे तीन हजार माणसं स्टेडियमभोवती गोल फिरली. गोल अशासाठी, की वरून पाहणाऱ्याला शून्य दिसावं. संघातल्या काही खेळाडूंना हे झोंबलं. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन मात्र शब्दाचे पक्के निघाले. पुन्हा 1-15 झाली तर सरोवरात उडी मारेन, असं ते बोलून बसले होते. जूनमध्ये ते ईरीच्या पाण्यात उतरलेही. संघाने त्याहून वाईट कामगिरी केल्याबद्दल वेगळी उडी हवी होती, असं आपल्या या गृहस्थाचं मत आहे.

त्या उन्हाळ्यात एका बिअर कंपनीने शहरातल्या बारमध्ये साखळदंड लावलेले फ्रिज ठेवले. पहिला विजय झाला की कुलपं आपोआप उघडणार होती. नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात 21-21 अशी बरोबरी झाली, तेव्हा बरोबरीला निदान अर्धा कॅन तरी मिळतो का, याची त्याने चौकशी केली. शेवटी 20 सप्टेंबरला नवा सूत्रधार बेकर मेफील्ड मैदानात आला, न्यूयॉर्क जेट्स 21-17 ने हरले, कुलपं उघडली. अनोळखी माणसांनी त्याला मिठ्या मारल्या, फुकटची बिअर हातात ठेवली. तो अवघडून उभा होता; जिंकल्यावर नेमकं काय म्हणतात, ते घरात कुणी शिकवलं नव्हतं. दहा दिवसांनी ओकलंडने ब्राउन्सना जादा वेळेत 45-42 ने हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तो दुपारच्या जेवणापर्यंत अखंड बोलत होता.