कोंबडीचोराचा फोटो

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर पायी आलेला हा पाहुणा पुढे बार्शी तालुक्यातही वावरला आणि त्याला धरायला ताडोब्याहून पथक बोलवावं लागलं. वाघ टिपणारं यंत्र परसातला कोंबडीचोर सोडेल कसा, असं सोलापुरातल्या कोणालाही वाटणारच.

तर खुराड्यासमोर बाभळीला कॅमेरा बांधला जातो. त्याचा सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो. प्राणी आजूबाजूपेक्षा गरम असेल तर खटका पडतो. आता मे महिन्यातलं सोलापूर घ्या. पारा चाळिशीपार, पत्रा तापलेला, मुंगसाचं अंग आणि हवा जवळजवळ सारखीच गरम. अशा वेळी यंत्राला चोर दिसत नाही, दिसतं ते वाऱ्यानं हलणारं तापलेलं गवत. सकाळी कार्ड उघडावं तर गवताचे शेकडो फोटो, काही फोटो शेजारच्या कुत्र्याचे आणि बाकी खुद्द कोंबड्यांचे.

रात्र झाली की मात्र चोर स्वच्छ दिसतो: जाळीच्या भोकातून शिरणारं रानमांजर, डोळे चमकलेले. घरमालक खूश. फोटो व्हॉट्सॲपवर जातो, कोणी त्याला बिबट्या ठरवतो, कोणी वन विभागाचा नंबर मागतो.

कॅमेरा भुंकत नाही, एवढीच त्याची अडचण. बारीक जाळी आणि दाराला कडी हे काम पुढच्या रविवारवर जातं. तोवर रानमांजर त्याच भोकातून पुन्हा येतं. दुसरा फोटो पहिल्यापेक्षा छान निघतो.