पासंग

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार नक्की झाला की पक्षातले जाणते उपाध्यक्षपदाचा उमेदवार शोधायला लगेच तराजू काढतात. पुढचा उत्तरेचा असेल, तर पासंगाला दक्षिणेचा. पुढचा कोवळा असेल, तर पासंगाला पिकल्या केसांचा. एरवी स्वतःची एकही उणीव मान्य न करणारा उमेदवार जोडीदार निवडताना मात्र उणिवांची यादीच जाहीर करतो. २००८ मध्ये ओबामांनी परराष्ट्र धोरणात मुरलेले बायडन घेतले. मॅकेन यांनी आपल्या ७२व्या वाढदिवशी ४४ वर्षांच्या सारा पेलिन पुढे आणल्या. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी धर्मनिष्ठ पेन्स यांना शेजारी उभं केलं. उणीव कसली होती, ते कुणी विचारलंही नाही.

२००० साली धाकट्या बुश यांनी ही शोधमोहीम डिक चेनी यांच्यावर सोपवली. चेनींनी भल्याभल्यांची कागदपत्रं तपासली आणि अखेर योग्य माणूस सापडला: डिक चेनी! अडचण एवढीच, की दोघेही टेक्सासचे रहिवासी. टेक्सासच्या निर्वाचकांना दोन्ही पदांची मतं आपल्याच राज्यातल्यांना देता येत नाहीत, असं राज्यघटना म्हणते. चेनींनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. समतोल झाला.

निकालानंतर पासंगाला काम उरत नाही. सिनेटमध्ये समसमान मतं पडली तर आपलं एक मत टाकायचं, आणि एरवी साहेबांच्या ठणठणीत प्रकृतीबद्दल समाधान व्यक्त करायचं.

प्रकृतीचा भरवसा मात्र नसतो. न्यूयॉर्कचे पक्षश्रेष्ठी थॉमस प्लॅट यांना गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट डोईजड झाले होते. १९०० मध्ये त्यांची रवानगी उपाध्यक्षपदाच्या अडगळीत झाली. पुढच्याच सप्टेंबरात अध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि अडगळ थेट व्हाइट हाऊसमध्ये राहायला गेली.

तिथे देशाचं नशीब थोर. १८६४ मध्ये तसं नव्हतं. रिपब्लिकन लिंकन यांना दक्षिणेतला डेमोक्रॅट हवा होता, म्हणून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन आले. शपथविधीलाच ते झिंगून भाषण करते झाले. सहा आठवड्यांनी लिंकन गेले, आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरणारा अध्यक्ष देशाला मिळाला. तिकिटाचा समतोल अगदी काटेकोर होता: लिंकन यांनी जे एका पारड्यात टाकलं, त्याच्या समोरच्या पारड्यात जॉन्सन सगळ्या वजनानिशी बसले.