विटेचे वीस उपयोग

पुण्यात हुशार मुलांचा तुटवडा नाही. साधी मुलंच मिळेनाशी झाली आहेत. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव झळकलं रे झळकलं की लेकराची रवानगी ‘क्रिएटिव्ह ब्रेनस्टॉर्मिंग’च्या क्लासला. तिथला पहिला प्रश्न ठरलेला: विटेचे उपयोग सांगा. गिलफर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असल्या प्रश्नांतून मोकळा विचार मोजायला घेतला. आपण त्या प्रश्नांचीही नमुना उत्तरं छापली. मुलं वहीत समास आखून विटेचे वीस उपयोग घोकतात. ‘पेपरवेट’ला एक गुण. एका पोराने लिहिलं, ‘विठोबाला उभं राहायला’. शून्य! उत्तरसूचीत नाही.

या ब्रेनस्टॉर्मिंग-विद्येचा आद्यपुरुष ॲलेक्स ऑसबर्न, जाहिरातवाला माणूस. १९५३ च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’मध्ये त्याचा मुख्य दंडक हाच: आधी वाट्टेल ते सुचू द्या, नावं नंतर ठेवा. आपल्याकडे मूल तोंड उघडायच्या आत दाराच्या काचेतून आईच्या भुवया वर जातात. मग मूल शेजाऱ्याच्या पिवळ्या चिठ्ठीत डोकावतं आणि तेच लिहितं. याला समूहविचार म्हणतात.

गंमत म्हणजे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५८ मध्येच गटात बसून कल्पना काढायचा हा प्रकार तपासला होता. चौघांच्या गटापेक्षा एकेकटे बसलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त भरल्या. क्लासच्या माहितीपत्रकात हे सापडणार नाही. एकटं बसवायची फी कोण देणार?

तेव्हा पालकहो, सुट्टीत पोराला चार दुपारी नुसतं कंटाळू द्या. प्रमाणपत्र मिळणार नाही, एवढी तयारी ठेवा.