होऊन जाईल

त्याचं खरं नाव आधार कार्डावर असेल. आम्ही त्याला 'शिफ्टिंग' म्हणतो. मुलुंडपासून पार बोरिवलीपर्यंत ज्याला म्हणून दुकानाची, दवाखान्याची किंवा क्लासची वेबसाइट एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर न्यायची असते, तो याला फोन लावतो. पलीकडून दोनच शब्द येतात, "होऊन जाईल." कधी, कसं, कितीत, हे विचारायचं नाही. विचारलंत तर तेच दोन शब्द जरा मोठ्याने ऐकायला मिळतात.

ऑफिस वगैरे नाही. पाठीला सॅक, सॅकेत लॅपटॉप, दोन चार्जर आणि खाकऱ्याचं पाकीट. "घाटकोपर ते वर्सोवा बारा स्टेशनं. एक साइट आरामात हलते," असं तो मेट्रोत बसून सांगतो. बसायला मिळालं तर. साकीनाक्याला गर्दी आत घुसली की साइट अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

घरच्या तारखासुद्धा हा बंद पडलेल्या सायटींवरून लक्षात ठेवतो. लग्न ठरलं ते याहूने जिओसिटीज बंद केलं त्या आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबर २००९. मुलगी झाली ती ऑर्कुट गेलं त्या वर्षी, २०१४. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री सगळं जग कोरोनाचं वर्ष संपलं म्हणून हुश्श करत होतं, हा फ्लॅश गेलं म्हणून गप्प बसला होता. प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ असतो बघा, ज्याला बांबू कुठे मिळतात, पास कुठून आणायचा, भटजी किती घेतो हे तोंडपाठ असतं. शिफ्टिंग त्याच जातकुळीतला. फक्त याच्या मयताला पुनर्जन्माची सोय असते.

त्याची खरी परीक्षा मी पाहिली ती घाटकोपरला, भांड्यांच्या दुकानात. गुगलने २०१७ साली छोट्या धंदेवाल्यांना एकपानी फुकट वेबसाइट दिली होती. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद केल्या. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला १० जूनपर्यंत दुकानाच्या गुगल प्रोफाइलवर नेऊन सोडणार, त्यानंतर रामराम. तसं रीतसर कळवलंही होतं. पण शेठच्या इनबॉक्समध्ये लोनवाल्यांच्या गर्दीत ती मेल कुठल्या कुठे चेंगरली. शेठना जाग आली ती ९ जूनला, रविवारी, दुपारी चारला. नवीन साइट उभी करायची, प्रोफाइलवरची लिंक बदलायची, आणि हातात एक रात्र. मराठी मजकूर माझा म्हणून मलाही बोलावणं आलं.

"होऊन जाईल," शिफ्टिंग म्हणाला.

पहिला प्रश्न, जुन्या साइटवर होतं काय? ती तर मार्चपासून दिसतच नव्हती. शिफ्टिंगने दुकानभर नजर फिरवली आणि गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी बोट दाखवलं. साइट सुरू झाली तेव्हा शेठनी कौतुकाने तिचा रंगीत प्रिंटआउट काढून, लॅमिनेट करून भिंतीवर लावला होता. सात वर्षांच्या उदबत्तीच्या धुराने कडा पिवळ्या पडल्या होत्या, स्टीलच्या डब्यांवर कुंकवाची बोटं उठली होती. जगात कोणाचा बॅकअप क्लाउडवर असतो, शेठचा खिळ्यावर होता. शिफ्टिंगने तो उतरवला, फडक्याने पुसला आणि मला टाइप करायला दिला.

दुसरा प्रश्न नेहमीचा. पासवर्ड? हे काम संगणकाचं आहे असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे ते भाचे शोधण्याचं आहे. मुंबईतल्या निम्म्या दुकानांच्या वेबसाइटी कोणा ना कोणा भाच्याने काढलेल्या असतात आणि भाचा कॅनडात असतो. हाही होता. खातं त्याने स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढलेलं. नंबर त्याने जाताना सोडला, कंपनीने तो दुसऱ्या कोणाला दिला. ओटीपी जाणार त्या दुसऱ्याकडे.

शिफ्टिंगने सरळ तो नंबर फिरवला. विरारचा एक रिक्षावाला निघाला.

"दादा, तुम्हाला आत्ता सहा आकडे येतील, तेवढे सांगा."

"ओटीपी कोणाला सांगायचा नाय," तो म्हणाला. अगदी बरोबर म्हणाला. रोज तेच ऐकत होता बिचारा.

इथे दुसऱ्या कोणीही हात टेकले असते. शिफ्टिंगने विचारलं, "मॅच बघताय ना? स्कोअर काय झाला?" न्यूयॉर्कला भारत-पाकिस्तान चालू होती. पंत, खेळपट्टी, तिथला पाऊस, दहा मिनिटं निघाली. मग दुकान कसलं आहे ते निघालं. "भांड्यांचं? तीन लिटरचा कुकर केवढ्याला?" शेठनी डोळे मिटून होलसेलचा भाव सांगितला. आकडे आले.

मग आम्ही वाट बघत बसलो. मध्येच शिफ्टिंग कपाळावर हात मारून ओरडला, "गेलं!" शेठ गल्ल्यावरून उठलेच. भारत ११९ वर ऑल आउट झाला होता. मध्यरात्रीच्या सुमारास "आलं, आलं!" म्हणाला, तेव्हा बुमराने रिझवानचा त्रिफळा उडवला होता. सामना आपण सहा धावांनी जिंकलो. साइट अजून आलेली नव्हती.

"प्रोपगेशन चालू आहे," तो म्हणाला.

हा त्याचा रामबाण शब्द. नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा १९८३ पासूनची. जगभरातले संगणक जुना पत्ता काही काळ लक्षात ठेवतात. किती काळ, तो आकडा प्रत्येक नोंदीवर सेकंदांत लिहिलेला असतो. दोन दिवस आधी तो ३०० वर आणून ठेवला तर नवा पत्ता पाच-दहा मिनिटांत सगळीकडे पोचतो. हे मला शिफ्टिंगनेच शिकवलं. त्याने स्वतः ते केलेलं मी कधी पाहिलेलं नाही. त्याला ४८ तासांची सबब जास्त प्रिय आहे.

सकाळी सातला साइट आली. शेठनी फोनला हात जोडले आणि मग मला विचारलं, "भाऊ, हे तुम्ही कोणत्या भाषेत लिवलंय?" माझ्या मराठी मजकुराच्या जागी ओळीच्या ओळी भरून तिरकी टोपी घातलेला इंग्रजी ए उभा होता. देवनागरीचं एकेक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात. डेटाबेस जुन्या वळणाचा असला तर तो त्या तिघांना तीन वेगळी माणसं समजतो आणि प्रत्येकाला वेगळी टोपी घालतो.

"प्रोपगेशन," शिफ्टिंग म्हणाला. "४८ तासांत आपोआप मराठी होईल."

आपोआप काही झालं नाही. मंगळवारी येऊन त्यानेच एक सेटिंग बदललं आणि मी सगळं पुन्हा टाइप केलं. शेठनी त्याला पैसे दिले, मला चहा. कुकर विरारला पोचला. शेठना एवढीच हळहळ आहे की जुन्या पत्त्याच्या पाच हजार पिशव्या छापल्या होत्या, त्यातल्या निम्म्या अजून माळ्यावर आहेत. घाटकोपरला भांडी घ्यायला गेलात तर पिशवी जरूर घ्या. फक्त तिच्यावरचा पत्ता टाइप करायच्या भानगडीत पडू नका.